वसंतवर्णन आणि देशकाल

१

वसंत ऋतूवर निबंध लिहावयास सांगितले असता मराठी विद्यार्थी खिडकीबाहेर पाहत नाही, ही गोष्ट आपणां शिक्षकांच्या नित्य परिचयाची आहे. बाहेर पाहण्याची त्याला गरजच भासत नाही. आम्रमोहर, कोकिळेचे कूजन, भ्रमरांचा गुंजारव, पलाशाचा वणवा आणि मंद मलयानिल ही सामग्री त्याच्याजवळ आधीच तयार असते. ती क्रमाने मांडली की निबंध पुरा होतो. तो व्याकरणशुद्ध उतरतो, त्याला गुणही बरे मिळतात, आणि शाळेच्या कुंपणाला लागून फुललेली काटेसावर त्या निबंधात कोठेच येत नाही. हा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्या वाङ्मयावर त्याची भाषा पोसली गेली, त्या वाङ्मयाने वसंताकडे पाहण्याची जी रीत त्याला शिकविली, तीच तो प्रामाणिकपणे गिरवीत असतो.

येथे टीकाशास्त्राचा एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. निसर्गवर्णन यथातथ्य असणे हा त्याच्या वाङ्मयीन गुणाचा भाग आहे काय? काव्य म्हणजे वनस्पतिशास्त्र नव्हे, असे उत्तर या प्रश्नाला आपल्याकडे ठरून गेल्यासारखे आहे. ते खोटे नाही. कवीने फुलाच्या पाकळ्या मोजाव्यात अशी अपेक्षा कोणी सुज्ञ टीकाकार करणार नाही. परंतु या उत्तराच्या आडोशाने न पाहता वर्णन करण्याची मुभाही आपण देऊन टाकली आहे, आणि तिचे वाङ्मयीन मोल काय, याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही. तो मांडण्याचा अल्पसा प्रयत्न या लेखात केला आहे.

त्यासाठी प्रस्तुत लेखकाने एक साधा मार्ग पत्करला. फाल्गुन सरता सरता भोपाळच्या दक्षिण भागातील बाग सेवनिया येथे काही सकाळी पायी हिंडावे, आणि वसंताची आपली मान्यवर वर्णने त्या वाटेवर पडताळून पाहावीत. हे स्थळ निवडण्याचे कारण त्याच्या सौंदर्यात नाही. बाग सेवनिया हे एके काळचे खेडे. नर्मदापुरमकडे (२०२२ पर्यंतच्या होशंगाबादकडे) जाणाऱ्या हमरस्त्याच्या बाजूला, बरकतउल्ला विद्यापीठाच्या शेजारी ते आज नगरात मिसळून गेले आहे. नावात ‘बाग’ आहे. शेजारच्या बाग मुगालियाच्याही नावात ती आहे. प्रत्यक्षात वसाहती, मोकळे भूखंड, विद्यापीठाकडील झाडी आणि दूर सरत चाललेली शेते असा तो मुलूख आहे. मराठी माणसे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. परंतु मराठी वाङ्मयातला निसर्ग बहुतांशी सह्याद्रीचा, कोकणचा किंवा विदर्भातील अरण्यांचा. उलटपक्षी, संस्कृत वसंतवर्णनाचा कळस मानल्या गेलेल्या कालिदासाचे नाव जिच्याशी निगडित आहे, ती उज्जयिनी भोपाळच्या जवळजवळ त्याच अक्षांशावर, याच माळव्याच्या पठारावर आहे. तेव्हा मराठी वाचकाला परके आणि संस्कृत परंपरेला घरचे असे हे स्थळ पडताळणीला सोयीचे वाटले.

२

प्रथम परंपरेचा विचार केला पाहिजे. कवींच्या ठरीव संकेतांना आपल्या शास्त्रकारांनी ‘कविसमय’ म्हटले, आणि त्यांची व्यवस्थित मांडणी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त केली. हा राजशेखर स्वतःच्या घराण्याचे नाते महाराष्ट्राशी सांगतो. त्याच्या आयुष्याचा काही काळ आजच्या जबलपूरजवळच्या त्रिपुरीच्या कलचुरी दरबारात गेला. म्हणजे मराठी आणि मध्यप्रदेशीय अशा दोन्ही नात्यांनी तो आपला आहे. जे नाही ते वर्णावे, जे आहे ते वर्णू नये, आणि जे अनेक ठिकाणी असते ते एकाच ठिकाणी असल्याचे मानावे, असे संकेतांचे तीन प्रकार त्याने सांगितले. मालती वसंतात असली तरी वसंतवर्णनात तिला आणू नये, हे दुसऱ्याचे उदाहरण. कोकिळाचे कूजन वसंतातच वर्णावे, हे तिसऱ्याचे.

वरवर पाहता हे डोळे मिटून लिहिण्याचे शास्त्र वाटते. परंतु राजशेखराने संकेतांचे जे समर्थन केले आहे ते बारकाईने वाचण्याजोगे आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, पूर्वीच्या विद्वानांनी शास्त्रे अभ्यासून आणि देशोदेशी फिरून ज्या गोष्टी पाहिल्या त्या त्यांनी लिहून ठेवल्या. पुढे देश आणि काल बदलल्यामुळे त्या गोष्टी तशा राहिल्या नाहीत, तरीही त्या तशाच वर्णाव्यात, हा कविसमय. या व्याख्येत एक कबुली दडलेली आहे. प्रत्येक संकेताच्या मुळाशी कोणा एकाचे पाहणे आहे. संकेत म्हणजे साठविलेले दर्शन. मुद्दल कोणी एकाने कष्टाने मिळविले आणि पुढच्यांनी त्याच्या व्याजावर संसार चालविला, असा हा व्यवहार आहे. व्याजावर जगणे हा काही गुन्हा नव्हे. पण मुद्दलात कधीच भर पडली नाही तर शेवटी घराचे काय होते, हे सांगावयास नको.

मुद्दल किती चोख होते याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात अकाली अवतरलेल्या वसंताचे वर्णन आहे. तेथे आंब्याचा कोवळा अंकुर खाऊन गाणाऱ्या पक्ष्याला कालिदासाने नुसते कोकिल म्हटलेले नाही. ‘पुंस्कोकिल’ म्हटले आहे, म्हणजे नर. पक्षिशास्त्र हेच सांगते. काळाभोर, लाल डोळ्यांचा नर चढत्या सुरात गातो. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज तुटक व कर्कश असतो. मराठी वाङ्मयात मात्र गाणारी ती ‘कोकिळा’ झाली, आणि उत्तम गायिकेला ‘गानकोकिळा’ म्हणण्यापर्यंत हा लिंगबदल रुळला. येथे संस्कृत संकेत चुकलेला नाही. चुकला तो वारसा घेताना. मूळ कवीचा डोळा आपण घेतला नाही, फक्त पक्षी घेतला, आणि तोही बदलून.

दुसरे उदाहरण महाराष्ट्री प्राकृताच्या ‘गाथासप्तशती’तील. तिच्या एका गाथेत पळसाची फुले झाडावर नाहीत, भुईवर गळून पडलेली आहेत. त्यांना पोपटाच्या चोचींची उपमा दिली आहे, आणि ती भूमी बुद्धाच्या चरणी नमन करणाऱ्या भिक्षूंनी भरल्यासारखी दिसते असे म्हटले आहे. पळसाखाली उभे राहून ज्याने खाली पाहिले, त्यालाच ही उपमा सुचावी. भगवा रंग, वाकलेला आकार आणि दाटीने पडलेली फुले या तिन्ही गोष्टी तिच्यात एकदम येतात. ही गाथा ज्या हाल सातवाहनाच्या नावावर आहे, त्याच सातवाहनकुळातील सातकर्णी राजाच्या कारागिरांच्या प्रमुखाचा दानलेख भोपाळहून पन्नास किलोमीटरांच्या आत असलेल्या सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर आहे. पळस आणि भिक्षू हे दोन्ही ज्या मुलखात नित्य दृष्टीस पडत होते, अशा मुलखाचे हे वाङ्मय आहे. ‘पलाशाचा वणवा’ हा आपला निबंधातला शब्दप्रयोग या गाथेच्या शेजारी ठेवून पाहावा, म्हणजे पाहून केलेली उपमा आणि ऐकून केलेली उपमा यांतील अंतर लक्षात येते.

३

आता वाटेवर येऊ. बाग सेवनियाच्या मोकळ्या जागांतून या दिवसांत हिंडताना पहिली गोष्ट जी ध्यानात येते ती अशी की, रानफुले पाहावयास निघालेल्या माणसाला मान वर करावी लागते. पायाखालची भूमी उघडी, करड्या गवताची आणि भेगाळ असते. फूल आहे ते झाडावर. पळसाच्या निष्पर्ण फांद्यांवर काळपट मखमली कळ्यांतून केशरी फुले फुटलेली असतात. काटेसावरीची जाड, मांसल, तांबडी फुले उंचावर दिसतात आणि मधूनमधून धप्‌ असा आवाज करीत खाली पडतात. कडुनिंबाचा तांबूस पाला आणि मागाहून येणारा बारीक मोहर, करंजाची फिकट जांभळी फुले, शिरीषाची तुरेदार फुले, आणि ऊन चढल्यावर बहावा, असा हा क्रम वैशाखापर्यंत चालतो.

इंग्रजी काव्यातला वसंत याच्या उलट आहे. तो जमिनीवर फुलतो. तिकडच्या रानात झाडांना पालवी फुटण्यापूर्वी जो थोडा काळ भुईवर ऊन पोहोचते, तेवढ्यात लहान झुडपे फुलून घेतात. आपल्याकडे भुईवरच्या बहुतेक वर्षायू वनस्पतींचे आयुष्य पावसाने सुरू होते आणि हिवाळ्यात ओल सरली की संपते. त्यांचा उत्सव श्रावण-भाद्रपदात असतो: तेरडा, सोनकी, कवळा. वसंतात फुलणे परवडते ते ज्यांची मुळे खोल गेली आहेत अशा वृक्षांना. आणि पाने गाळून फुलल्यामुळे त्यांची फुले पाखरांना दुरून दिसतात. आधुनिक मराठी कवितेने इंग्रजी कवितेपासून जे पुष्कळ घेतले, त्यात गवतातले इवलेसे फूलही घेतले. बालकवींची ‘फुलराणी’ ही त्याची सर्वांत मनोहर परिणती. तेथील हिरवळ ही पावसानंतरच्या खानदेशाची मानली तर यथार्थच आहे; परंतु पुढच्या अनुकारकांनी तीच हिरवळ उचलून चैत्रात पसरली. बाग सेवनियाच्या भेगाळ काळ्या मातीवर ती कोठे सापडावी? ऋतू चुकला की फूल खोटे पडते, आणि फूल खोटे पडले की त्यावर उभारलेला भावही पोकळ वाटू लागतो. यथातथ्याचा वाङ्मयीन गुणाशी जो संबंध आहे तो हाच.

पळसाचा आणखी एक दाखला घेऊ. सुभाषितकारांनी पळसाला निर्गंध म्हणून हिणविले, आणि रूप असून विद्या नसलेल्या पुरुषाला त्याची उपमा दिली. हे सुभाषित आपण वर्गात आवडीने शिकवितो. पळसाखाली अर्धा तास उभे राहिले तर त्याचा दुसरा अर्थ कळतो. जांभळा शिंजीर आपली बाकदार चोच फुलात घालून मध पितो. साळुंक्या आणि कोतवाल येतात. परतीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी भोरड्यांचे थवे सावरीवर आणि पळसावर कलकलाट करतात. त्यांच्या डोक्यांना लागलेला पराग या फुलावरून त्या फुलावर जातो. पाखरे रंगाने येतात. त्यांना बोलाविण्यासाठी सुगंधाची जरूर नाही. जो सुभाषितकाराला दोष वाटला, तो झाडाच्या संसारातला काटकसरीचा गुण आहे. शिवाय त्याच झाडाच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जातात, आणि त्याच्या फुलांचा रंग रंगपंचमीला उपयोगी पडतो. हे ठाऊक झाल्याने सुभाषित बाद होत नाही. ते केवळ एका नाकाचे मत आहे, एवढे समजते.

कीटकांच्या बाबतीत आपले वाङ्मय अधिकच दरिद्री आहे. भ्रमर, पतंग, काजवा आणि फुलपाखरू या चौघांवर आपले शतकानुशतके भागले. त्यांतही भ्रमर हा प्रियकराचे आणि पतंग हा प्रेमाच्या वेडाचे सोंग घेऊन येतो. कीटक म्हणून कोणी येत नाही. वाळक्या लाकडात भोक पाडून एकाकी घर करणारा निळसर काळा भुंगा पळसावर दिसतो, तेव्हा त्याच्यात प्रियकराची चंचलता नसून सुताराचा चिवटपणा आहे असे वाटते. आंब्यावरच्या बांडगुळाभोवती एक फुलपाखरू रेंगाळते. त्याच्या पंखांच्या खालच्या अंगाला पिवळ्या रंगाच्या कडेने तांबड्या ठिपक्यांची रांग असते. मराठीत त्याला ‘हळदीकुंकू’ म्हणतात. बांडगुळाची पाने हेच त्याच्या अळ्यांचे अन्न. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या महिन्यात, ज्या परोपजीवी बांडगुळाचे नाव आपण शिवीसारखे वापरतो त्याच्यावर हे पाखरू अंडी घालीत असते. हे दृश्य मराठी ललित गद्याला सहज वापरता आले असते. ते पाहिलेच गेले नाही म्हणून वापरले गेले नाही.

४

मराठी गद्यात ही कोंडी फोडण्याचे श्रेय प्रामुख्याने दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्रा’ला (१९५६) आहे, हे सर्वमान्य आहे. त्या १९१० साली इंदूर येथे, म्हणजे याच माळव्यात, जन्मल्या. बारा महिन्यांवरील त्यांच्या लेखांचे वैशिष्ट्य भाषेच्या लालित्यात शोधण्याची आपली प्रथा आहे. माझ्या मते ते अन्यत्र आहे. दुर्गाबाई फुलापाशी थांबत नाहीत. पालवी, कळी, मोहर, कोवळे फळ, वाळलेली शेंग अशा सर्व अवस्थांत त्या झाडाकडे पाहतात. चैत्रावरच्या लेखात पिंपळाची पालवी आहे, नारळ-फणसासारखी फळझाडे आहेत, आणि जिला संस्कृत परंपरेत स्थान असणे शक्यच नव्हते अशी, अमेरिका खंडातून आलेली घाणेरीही आहे. संकेताच्या बाहेरचे झुडूप वसंताच्या पंक्तीला बसविणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. संस्कृत काव्य, लोकसमजुती आणि स्वतःचे निरीक्षण या तीन धाग्यांची वीण त्यांच्या गद्यात आहे. पण विणकराचा हात निरीक्षणाचा आहे.

तथापि वाटेवर ‘ऋतुचक्र’ पडताळताना दोन अडचणी येतात, आणि त्या ग्रंथाच्या घाटातूनच उद्भवतात. पहिली कालाची. ग्रंथाचा घटक मराठी महिना आहे, आणि तो अमान्त आहे. भोपाळात आजूबाजूला चालणारे पंचांग पूर्णिमान्त. आपली रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमीला येते. तोच दिवस शेजाऱ्याच्या पंचांगात चैत्र कृष्ण पंचमी असतो. पळस फुलाला आला असता मराठी घरात फाल्गुन आणि भिंतीपलीकडे चैत्र, असे सुमारे पंधरा दिवस चालते. म्हणजे ‘चैत्रात काय फुलते’ या प्रश्नाला एकाच गल्लीत दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही बरोबर आहेत. दुसरी अडचण देशाची. महिना हा घटक मानल्यामुळे स्थळ आपोआप दुय्यम होते. समुद्रकाठचे झाड आणि घाटावरचे झाड एकाच महिन्याच्या छताखाली येते. त्यामुळे ग्रंथाला व्यापकता लाभली हे खरे. परंतु वाचकाला ते लेखन आपल्या अंगणात पडताळून पाहता येत नाही. राजशेखराने ज्या दोन गोष्टी बदलतात म्हणून सांगितले, त्या देश आणि काल येथे पुन्हा हजर होतात.

म्हणून निसर्गविषयक गद्याचे महिन्याचे लेखन आणि मुलखाचे लेखन असे दोन प्रकार करावेत, असे सुचवावेसे वाटते. दुसऱ्या प्रकाराचा जगन्मान्य नमुना म्हणजे गिल्बर्ट व्हाइट यांचे सेल्बर्न या एका इंग्रजी खेड्याविषयीचे १७८९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक. एका धर्मोपदेशकाने पत्रांच्या रूपाने लिहिलेल्या या पुस्तकाचे क्षेत्र एका गावाच्या शिवेएवढे. दिसावयास अगदी सारख्या अशा तीन लहान पाखरांच्या जाती त्यांच्या गाण्यावरून भिन्न आहेत, हे व्हाइट यांनी ओळखले. एकाच वाटेवरून वर्षानुवर्षे चालणाऱ्यालाच हे शक्य होते. मराठीत व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’ हे या वळणाचे पुस्तक. एका अरण्यात वस्तीला राहावे आणि जे समोर येईल ते वाढवून-चढवून न सांगता लिहावे, ही त्यातील शिस्त आहे. परंतु माडगूळकरांना त्यासाठी अरण्यात जावे लागले. नगराच्या कडेच्या, अर्ध्या उजाड, रोजच्या मुलखाविषयी अशी शिस्त मराठीत क्वचितच दिसते. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला मुलूख येतो तो असलाच.

५

मुलखाच्या लेखनाला नावे लागतात. या बाबतीत मारुती चितमपल्ली यांचे कार्य मूलगामी आहे. सोलापूर येथे १९३२ साली जन्मलेले, वनखात्यात आयुष्य घालविलेले, २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविलेले चितमपल्ली जून २०२५ मध्ये निवर्तले. रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडची नावे त्यांनी गोळा केली, त्यांना संस्कृत नावांशी ताडून पाहिले आणि ‘पक्षिकोशा’त ती मराठीच्या हवाली केली. लोकसमजूत आणि निरीक्षण यांमधील रेघ त्यांच्या ललित लेखनात काही ठिकाणी पुसट होते, हे नमूद करणे टीकाकाराचे कर्तव्य आहे. परंतु नाव हे पाहण्याचे पहिले साधन आहे, हे त्यांनी जितके ठसविले तितके दुसऱ्या कोणी नाही.

बाग सेवनियाच्या वाटेवर मराठी माणसाला नावांच्या बाबतीत एक लाभ होतो, तो पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा होत नाही. त्याला प्रत्येक पाखराची दोन नावे ऐकू येतात. उन्हाच्या वेळी टुक्‌-टुक्‌-टुक्‌ असा एकसुरी ठोका ऐकू येतो. हिरवा, आखूड शेपटीचा, कपाळावर तांबडा डाग असलेला तो पक्षी मराठीत ‘तांबट’. भांडे ठोकणाऱ्या कारागिराच्या आळीतून हे नाव आले. हिंदीत तोच ‘बसंता’. मराठीने हात पाहिला, हिंदीने ऋतू. घाणेरीचे नाव मराठीने तिच्या वासावरून ठेवले. हिंदीत तिला ‘राईमुनिया’ असे लडिवाळ नाव आहे. ‘नीलपंख’ हे आपले नाव त्या पक्ष्याच्या उडताना झळकणाऱ्या पंखाचे वर्णन करते. हिंदीतले ‘नीलकंठ’ त्याला शंकराचे दैवतपण देते, यद्यपि त्याचा कंठ निळा नसून तांबूस आहे. येथे मराठी नाव डोळ्याशी अधिक इमान राखते, हेही सांगितले पाहिजे.

सर्वांत उद्‌बोधक उदाहरण पावशाचे आहे. वसंताच्या उत्तरार्धात झाडीतून चढत्या सुरात तीच तीच हाक येते, आणि कधी रात्रीही थांबत नाही. मराठी शेतकऱ्याला तीत ‘पेरते व्हा’ ऐकू येते; हिंदी भाषकाला ‘पी कहाँ’, आणि म्हणून तो पपीहा; इंग्रजाला तीत ‘ब्रेन फीव्हर’ म्हणजे डोके उठविणारा ताप ऐकू आला. पाखरू एकच, हाक एकच. एकाला पेरणीची आठवण, दुसऱ्याला प्रियकराचा शोध, तिसऱ्याला उन्हाळ्याचा वैताग. पाखराच्या दृष्टीने तिन्ही अर्थ परके आहेत. ते जोडीदाराला साद घालीत असते, आणि त्याची मादी सातभाईच्या घरट्यात अंडे टाकण्याची संधी शोधीत असते. पुस्तकांतून याच पक्ष्याची चातकाशी गल्लत होते. चातक निराळा, काळा-पांढरा, शेंडीचा. तो पावसाळी वाऱ्यांबरोबर येतो. ही गल्लत सुधारणे हा कोणाला रूक्षपणा वाटेल. पण दोन भाषांनी एका हाकेत काय ऐकले, याचा शोध घेण्यासाठी आधी ती हाक कोणाची हे नक्की ठाऊक असावे लागते. यथातथ्य हे रसाच्या आड येत नाही. रसाला उभे राहावयास जागा देते.

आणि येथेच या विषयातली खरी काळजी आहे. बृहन्महाराष्ट्रातील मराठी घरांत पुढच्या पिढीजवळ पावशाही राहिलेला नाही आणि पपीहाही नाही. आजीला दोन्ही ठाऊक होते. नातवाला ते ‘कसले तरी पाखरू’ आहे. नाव गेले की हाक ऐकू येईनाशी होते. दुसरीकडे, मोकळा भूखंड बांधकामाखाली जातो. शेत उरले असले तर गव्हाच्या कापणीनंतर नरवाई, म्हणजे शेतातले उरलेले धसकट, जाळली जाते, आणि तिच्यात भुईवर अंडी घालणाऱ्या पाखरांची घरटी व असंख्य कीटक भस्म होतात. शब्द आणि पक्षी एकाच सुमारास नाहीसे होत असता वाङ्मय मात्र कोकिळा आणि आम्रमोहर यांच्यावर निश्चिंत आहे. संकेताचा हाच मोठा धोका: वस्तू नाहीशी झाली तरी तिचे वर्णन चालू राहते, आणि काही हरवले आहे याची वार्ताही वाचकाला लागत नाही.

६

तेव्हा टीकाकाराने आणि शिक्षकाने काय करावे? संकेत टाकून द्यावेत, असे येथे सुचवावयाचे नाही. आंबा मोहरतोच, कोकिळ गातोच. ज्यांनी ते प्रथम पाहिले त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. फक्त निसर्गवर्णन वाचताना आपण नेहमीच्या प्रश्नांत आणखी दोन प्रश्न घालावेत: हे कोठे पाहिले, आणि केव्हा? ज्या वर्णनाला या दोन प्रश्नांचे उत्तर देता येते, त्यातली उपमाही बहुधा ताजी असते. ‘गाथासप्तशती’तील पळसाला ते देता येते, कालिदासाच्या पुंस्कोकिलाला देता येते, दुर्गाबाईंच्या पुष्कळशा परिच्छेदांना देता येते. आपल्या पाठ्यपुस्तकी वसंताला देता येत नाही.

वर्गातही हे करणे अवघड नाही. निबंधाचा विषय ‘वसंत ऋतू’ असा न देता ‘शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेवरील एक झाड, फाल्गुन पौर्णिमेपासून गुढीपाडव्यापर्यंत’ असा द्यावा. मुलाला झाडाचे नाव ठाऊक नसेल तर त्याने ते घरात, शेजारी, माळ्याला, भाजीवालीला विचारावे. मराठी आणि हिंदी अशी दोन नावे मिळाली तर दोन्ही लिहावीत. गेल्या फाल्गुनात बाग सेवनियातील एका मराठी घरच्या मुलाने प्रस्तुत लेखकाला पळसाखाली थांबविले आणि विचारले, ‘काका, हे फूल उलटे का पडते?’ लेखकाने तोपर्यंत पळसावरची पुष्कळ वर्णने वाचली होती. फूल कसे पडते हे त्याने पाहिले नव्हते. दोघेही मग तेथे काही वेळ उभे राहिले.